आईचं आपोआप चालू होईल

११ मार्च, मंगळवार, सकाळी साडेनऊ. कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. आईबाबांचा फ्लॅट, दुसरा मजला.

हजर : बाबा, भाड्याने आणलेल्या हॉस्पिटलच्या पलंगावर, पाठीला दोन उशा. आई, ओट्याजवळ. धाकटा भाऊ, दोन दिवसांपूर्वी देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बेलव्ह्यूहून आलेला, सोफ्यावर. मी, टेबलाशी, फोन स्पीकरवर. फोनच्या पलीकडे सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनच्या ऑफिसातली एक बाई. तिचं नाव मी लिहून घेतलं होतं.

हे माझ्या वहीत आहे. गेली तीस वर्षं मी अशा वह्या ठेवते. तारीख, वेळ, कोण होतं, काय ठरलं, पुढे काय करायचं. घरात या सवयीची चेष्टा होते, आणि कुणाचा पासपोर्ट सापडेनासा झाला की मलाच फोन येतो. त्या दिवशीच्या पानावर काम एकच होतं : बाबा आहेत तोवर आईची पेन्शन सुरू करणे.

बाबांचा कॅन्सर यकृतात पोचला होता. फेब्रुवारीच्या मध्यावर डॉक्टरांनी उपचार थांबवले आणि घरी न्या म्हणाले. हॉस्पिसची नर्स आठवड्यातून तीनदा यायची, मॉर्फिनचे थेंब कसे द्यायचे ते तिने मला आणि आईला शिकवलं. एकदा तिच्याबरोबर त्यांची समाजसेविका आली. कामाची बाई, माझ्यासारखीच वही घेऊन बसलेली. तिने विचारलं, तुमच्या आईचं उत्पन्न काय? मी म्हटलं, दोघांची पेन्शन येते. ती म्हणाली, आईच्या नावाचं पत्र दाखवा.

दर डिसेंबरला पेन्शनचं पत्र येतं, पुढच्या वर्षी किती मिळेल ते सांगणारं. मी फाइल काढली. बाबांची सात पत्रं होती, वर्षवार लावलेली. आईचं एकही नव्हतं.

मी ती सातही पत्रं छिद्रं पाडून स्वतःच्या हाताने त्या फाइलला लावली होती आणि आठवं पत्र कुठे आहे हे मला सात वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

बाबा जागे होते. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि विचारलं, आईच्या पेन्शनचा अर्ज कधी केला होता?

"तिचा वेगळा कशाला?" बाबा म्हणाले. "माझ्या फॉर्ममध्ये लिहिलंय ना. तिचं नाव, जन्मतारीख, सगळं. माझ्यामागे आईचं आपोआप चालू होईल."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. ते कुठून आलं तेही मला कळलं. अकोल्याला थोरले काका सरकारी नोकरीत होते. निवृत्त होताना त्यांनी काकूंबरोबर फोटो काढून पेन्शनच्या पुस्तकात लावला. काका गेले तेव्हा काकूंनी बँकेत मृत्यूचा दाखला दिला आणि त्यांची पेन्शन सुरू झाली. बायकोचं नाव नवऱ्याच्या कागदावर असतं आणि वेळ आली की सरकार ते नाव वाचतं, असं बाबांच्या मनात पक्कं बसलं होतं. त्यांना स्वतःला तिथे पेन्शन नव्हती. ते एका जिनिंग फॅक्टरीत फोरमन होते.

म्हणूनच इथल्या पेन्शनचं त्यांना एवढं अप्रूप होतं. मी नागरिक झाल्यावर त्यांना बोलावून घेतलं तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. इथे पेन्शन मिळायला चाळीस क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षं काम. आल्यावर चौथ्या महिन्यात ते हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात लागले. नट-बोल्ट आणि खिळ्यांची रांग त्यांच्याकडे. अकरा वर्षं ते तिथे ॲप्रन बांधून सिमेंटच्या फरशीवर उभे राहिले. गुडघे सुजायचे. मी सोडा म्हटलं की ते म्हणायचे, हे दोघांचं आहे, एकट्याचं असतं तर सोडलं असतं.

बहात्तराव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि पेन्शनचा अर्ज स्वतः ऑनलाइन भरला. मला हातही लावू दिला नाही. आईच्या मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा अर्ज मी भरला, तिचं कार्ड आलं. पैसे दोघांच्या जॉइंट खात्यात यायला लागले. त्या वर्षीच्या माझ्या वहीत एका ओळीत लिहिलंय : बाबा पेन्शन, आई पेन्शन. पुढे एकच बरोबरची खूण, दोन्हीवर मिळून. बाबा म्हणाले होते, "झालं दोघांचं." मी खूण केली.

नियम मला समाजसेविकेने समजावला, नंतर मी तो तीन ठिकाणी वाचून पाहिला. बायकोने कधीच नोकरी केली नसली तरी नवऱ्याच्या कमाईवर तिला त्याच्या पेन्शनच्या अर्ध्यापर्यंत रक्कम मिळते, तो हयात असताना. पण त्यासाठी तिने अर्ज करावा लागतो. तिचं एकदा सुरू झालं असेल, तर नवरा गेल्यावर पुन्हा अर्ज लागत नाही. मृत्यूची खबर दिली की तिचं अर्धं आपोआप विधवेच्या पेन्शनमध्ये बदलतं आणि जवळजवळ पूर्ण होतं. बाबांचं 'आपोआप' या नियमात खरंच होतं, फक्त त्याच्या आधी एक पायरी होती. ती आम्ही चढलो नव्हतो. आईचं मुळात काही सुरूच नव्हतं, तर बदलणार काय?

आणि प्रश्न फ्लॅटचा होता. ती इमारत ज्येष्ठांसाठी आहे, भाडं बेताचं, पण प्रत्येक भाडेकरूला दर वर्षी स्वतःच्या नावाच्या उत्पन्नाचा कागद दाखवावा लागतो. करार तीस जूनला संपत होता. मुलं पैसे देतील हे तिथे चालत नाही. मी मॅनेजरला भेटून विचारलं, तिने नियमांचं पान माझ्यासमोर ठेवलं. त्या इमारतीत आणखी चार मराठी काकू राहतात. आई गाडी चालवत नाही, तिचं इंग्रजी दुकानापुरतं आहे. पण त्या इमारतीत ती सकाळी एकटी खाली जाते, बाकावर बसते, कुणाच्या तरी घरी वाटी पोचवते, दुपारी परत येते. अमेरिकेत तिची स्वतःची अशी तेवढीच जागा.

मी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला फोन केला. पन्नास मिनिटं थांबल्यावर माणूस आला आणि तो चांगला निघाला. अर्जाची तारीख म्हणून आजचीच नोंदवतो, म्हणाला. मागचे फार तर सहा महिने मिळतील, सात वर्षं गेली ती गेली. मुलाखत फोनवर, बारा दिवसांनी. मी लग्नाच्या दाखल्याचं विचारलं, कारण तो आमच्याकडे नव्हता. त्या काळी अकोल्यात आमच्याकडे कुणी लग्न नोंदवलं नव्हतं. तो म्हणाला, दोघं हयात आहेत ना? मग दोघांनी लग्न कधी आणि कुठे झालं ते सांगून सही करायची. दोघांचा शब्द जुळला की पुरे. एकजण गेल्यावर मात्र कागद लागतो.

बारा दिवस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरला हात लावला नाही, पण दर सकाळी बाबांच्या पायांचा रंग बघायचे. नर्सने सांगितलं होतं की आधी पाय बदलतात.

भाऊ आला त्या संध्याकाळी मी बाबांकडून उत्तरं घटवून घेत होते. लग्न कधी? बाबांनी तारीख, वार, मुहूर्ताची वेळसुद्धा सांगितली. कुठे? कार्यालयाचं नाव, पेठ, समोरची पिठाची गिरणी.

"ताई, त्यांना दहावीच्या परीक्षेला बसवतेस का?" भाऊ म्हणाला.

"नापास झाले तर आईला हे घर सोडून तुझ्यामाझ्याकडे यावं लागेल."

"येऊ दे ना. चार बेडरूम आहेत."

"आणि माणसं किती असतात दिवसभर?" आई ओट्याकडून म्हणाली. "तुम्ही दोघं नवरा-बायको दारं लावून मीटिंगमध्ये. मागच्या वेळी मी तुमच्या कुत्र्याशी मराठीत बोलत होते. त्याला आता कळतंही."

बाबा हसले. हसताना दुखलं आणि त्यांनी पोटावर हात धरला. त्यांनी मग भावाला विचारलं, ही एवढी तयारी कशासाठी? मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्याने सांगून टाकलं की आईचं सात वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवं होतं. बाबा म्हणाले, "सात?" मग ते भिंतीकडे वळले. त्या रात्री ते जेवले नाहीत, एरवीही दोनच घास जात होते, पण तेही नाहीत. मी भावाशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलले नाही.

तारीख घटवली, जागा घटवली. बायकोचं नाव घटवायचं असतं असं मला वाटलं नाही.

अकरा तारखेला साडेनऊला फोन बरोबर वेळेवर आला. मॉर्फिनचा डोस मी मुद्दाम अर्धा तास पुढे ढकलला होता, बाबांच्याच सांगण्यावरून. त्यांच्या कपाळावर घाम होता. बाईचा आवाज वयस्क आणि सावकाश. आधी तिने आईला विचारलं, मी भाषांतर करत गेले. नाव, जन्मतारीख, लग्न कधी, कुठे. आईने सगळं नीट सांगितलं. मग बाबा. नाव, जन्मतारीख, पत्ता. बाबांनी इंग्रजीत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत तशा आवाजात उत्तरं दिली.

तुमच्या पत्नीचं नाव?

बाबांनी एक नाव सांगितलं. ते आईचं नाव नव्हतं.

मी ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. बाईने पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, पुढे आईच्या माहेरचं आडनाव लावून. बाईने विचारलं, हे आधीचं लग्न होतं का?

"बाबा, आईचं नाव सांगा," मी मराठीत म्हटलं.

"तेच सांगतोय."

तेव्हा मी जे केलं ते वहीत लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही. मी फोनवर वाकले आणि इंग्रजीत म्हटलं, माफ करा, माझे वडील मॉर्फिनवर आहेत, त्यांचा गोंधळ झालाय, त्यांना काही कळत नाहीये. मला फक्त ती ओळ दुरुस्त करायची होती. मी माणसांचे फॉर्म भरते, चुका दुरुस्त करते, तेच करत होते.

पलीकडे टायपिंगचा आवाज आला. बराच वेळ.

आई ओट्यापासून पुढे आली. हात ओले होते.

"त्यांचा गोंधळ नाही झाला," ती म्हणाली. "ते माझंच नाव आहे. लग्नाआधीचं."

लग्नात नाव बदलायची पद्धत मला माहीत नाही असं नाही. तबकात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. माझ्या लग्नात मी ते तबक दूर सारलं होतं आणि त्यावरून सासरी आठवडाभर कुजबुज झाली होती. पण आईचंही बदललं असेल हे डोक्यात कधी आलं नाही. माहेरी तिला सगळे बाळी म्हणत. आजोळी तिचं खरं नाव कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. पासपोर्टवर, मेडिकेअरवर, ग्रीन कार्डवर तांदळातलं नाव. आधीचं नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नपत्रिकेवर असणार, आणि ती दोन्ही अकोल्याचं घर सोडताना गेली.

मी बाईला ते सगळं सांगितलं, पद्धत, तांदूळ, अंगठी. माझ्या कानालाच ते सबबीसारखं वाटत होतं. तिने मध्ये तोडलं नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, थोड्या वेळापूर्वी तुम्हीच मला सांगितलंत की त्यांना काही कळत नाहीये." ती रागावली नव्हती. तिने समजावलं की एक नाव नोंदीत आहे, दुसरं त्यांनी सांगितलं, आणि ते भानावर नाहीत असं मुलीने सांगितलं, हे तिन्ही तिला लिहावं लागलंय. आता नुसत्या शब्दावर नाही होणार. ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद, आणि लग्नाचा पुरावा. किंवा बाबा बरे असतील अशा दिवशी पुन्हा मुलाखत. पुढची वेळ एकवीस मार्चची होती.

मी ती घेतली. बाबा ऐकत होते. फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाला, बाबा, हे नाव आत्ताच कुठून काढलंत? बाबा म्हणाले, "लग्न कुणाशी झालं ते विचारलं तिने. मंगलाष्टकं म्हटली तेव्हा हिचं हेच नाव होतं. तांदूळ नंतर." मग आईकडे बघून, "खोटं आहे का?" आई म्हणाली, खोटं नाही. तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, आता तरी औषध दे त्यांना.

बाबा वीस मार्चला पहाटे गेले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी.

अंत्यसंस्कार करणाऱ्या लोकांनीच मृत्यूची खबर ऑफिसला दिली, इथे ते तेच करतात. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात कॅरीत पाइनचे पराग उडत होते, गाड्या, पायऱ्या, बाकडी सगळं पिवळं. आई दोन दिवस बाल्कनीचा कठडा पुसत होती. पुसला की पुन्हा पिवळा. बाराव्या-तेराव्याचं काय करायचं यावर आम्ही बहीण-भाऊ बोललो, चार काकूंनी स्वयंपाक वाटून घेतला, भाऊ परत गेला. एप्रिलमध्ये बँकेचा कागद आला. मार्चचे म्हणून जमा झालेले बाबांचे पैसे परत काढून घेतले होते. माणूस ज्या महिन्यात गेला त्या महिन्याचे मिळत नाहीत, मग तो वीस दिवस जगलेला असो. आई म्हणाली, "म्हणजे मार्चमध्ये ते नव्हतेच असं म्हणायचंय का त्यांना?" मी नियम सांगायला लागले आणि थांबले.

मे महिन्यात ऑफिसचं पत्र आलं. सभ्य, मुद्देसूद. हयातीतला अर्ज पूर्ण झाला नसल्याने विधवेची पेन्शन आपोआप सुरू करता येत नाही, त्यासाठी नवी मुलाखत आणि कागद हवेत : लग्नाचा पुरावा, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा. दाखला मिळत नसेल तर लग्नाला हजर असलेल्या आणि दोन्ही नावं माहीत असलेल्या व्यक्तीचं सही केलेलं निवेदनही विचारात घेऊ.

मी यादी केली. अकोल्याचं कार्यालय पाडून तिथे दवाखाना झालाय. लग्न लावणारे गुरुजी वारले. शाळेने जुनी रजिस्टरं बघून सांगतो म्हटलं, मग त्या वर्षांची रजिस्टरं भिजली म्हणून कळवलं. लग्नाची नोंदणी आता करता येईल का, तर त्याला नवरा-बायको दोघं समोर लागतात. ग्रीन कार्डच्या वेळी लग्नाचा पुरावा म्हणून आम्ही दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं दिली होती, त्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे होत्या. धावत जाऊन काढल्या. दोन्हींत आईचं फक्त नंतरचं नाव. तेव्हा मीच मसुदा केला होता, पासपोर्टशी जुळावं म्हणून. त्यांतलं एक थोरल्या काकांचं होतं. ते गेले, नंतर काकूही. दुसरं आईच्या मोठ्या बहिणीचं, माझ्या मावशीचं.

मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, अमरावतीला मुलाकडे असते. लग्नात करवली म्हणून ती आईच्या मागे उभी होती. दोन्ही नावं तिने ऐकली, एक पंधरा-वीस वर्षं आणि दुसरं त्या दिवसापासून. आता जिवंत असलेल्या माणसांत अशी ती एकटी. आणि मावशीला बाबा गेल्याचं माहीत नाही.

जानेवारीत तिला झटका येऊन गेला होता. बाबा गेले त्या दिवशी तिच्या मुलाने, आमच्या दादाने, मला फोन केला. म्हणाला, मावशीला इतक्यात काही कळवू नका, तिचा तुझ्या बाबांवर फार जीव आहे, डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हटलंय. आम्ही हो म्हटलं. आपल्याकडे असं करतात, बरं होईपर्यंत दडवतात, मग कधीतरी हळूच सांगतात. पण आई आणि मावशी दर रविवारी फोनवर बोलतात, आई इथे आली तेव्हापासून. तो नियम मोडला असता तर तिला तेवढ्यावरूनच कळलं असतं. म्हणून आई बोलत राहिली. मावशी विचारते, तुझे हे कसे आहेत? आई म्हणते, झोपलेत, आक्का.

मी अकरा रविवार हे ऐकलंय. फोन झाला की आई बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ सोडून उभी राहते, भांडी नसली तरी.

मी दादाला सगळं लिहिलं. निवेदनाचा मसुदा पाठवला, दोन्ही नावांसह. तो म्हणाला, सही मी घेतो, पण काय म्हणून घेऊ? मसुद्यात पहिल्याच ओळीत 'कैलासवासी' आहे. तो शब्द काढला तर ऑफिसला चालेल का, हे मी तिथे फोन करून विचारलं. पलीकडच्या माणसाने सांगितलं की निवेदन देणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळायला हवं. तो चुकीचं काही बोलला नव्हता. एकदा मी मुलाखतीत घाईने सोयीचं बोलले होते, त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं. मावशीला न सांगता सही घ्यायची नाही, एवढं मी ठरवलं. भाऊ फोनवर चिडला.

"ताई, एका सहीसाठी तू मावशीला मारणार आहेस का?"

"आणि आईचं काय करू?"

"मी नेतो म्हणतोय ना तिला."

"ती नाही म्हणतेय."

"मग तू तिला विचार, बहिणीचा जीव की फ्लॅट," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला, सॉरी, मला झोप नाहीये. मी उत्तर लिहिलं नाही. मलाही नव्हती.

मी आईला तसं विचारलं नाही. मी तिला फक्त सांगितलं की मावशीची सही हाच एक मार्ग उरलाय. आई भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "सांगायचं तर मीच सांगेन. तू मध्ये बोलायचं नाहीस. तू पटकन बोलतेस."

गेल्या रविवारी, आठ जूनला, सकाळी साडेनऊला मी तिच्या शेजारी बसले. तिकडे अमरावतीत संध्याकाळचे सात. दादा मावशीच्या मागे उभा होता, त्याला मी आधीच कळवलं होतं. त्याने डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं आणि रक्तदाबाची गोळी दिली होती. माझ्या मांडीवर मसुदा होता. मावशीचं तोंड एका बाजूला अजून थोडं ओढलेलं आहे, पण डोळे लख्ख. आधी आंब्यांचं बोलणं झालं. मग उन्हाचं. मग मावशीने विचारलं, "तुझे हे कसे आहेत गं?"

आईने फोन दुसऱ्या हातात घेतला. दादाने आपल्या आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"झोपलेत, आक्का," आई म्हणाली.

मावशी स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झोपू दे. तू जेवतेस ना?"

फोन संपला, आईने तो टेबलावर ठेवला. ती नळापाशी गेली.

तीस तारखेला बावीस दिवस होते. इमारतीच्या मॅनेजरने पंधरा दिवसांची मुदत वाढवून देता येईल का ते बघते म्हटलंय, लेखी दिलेलं नाही. ऑफिसची नवी मुलाखत चोवीस जूनला, तोवर निवेदन हातात हवं. अमरावतीहून कुरिअरला पाच दिवस. म्हणजे उशिरात उशिरा येत्या रविवारी सांगायला हवं आणि सोमवारी सही व्हायला हवी. हे सगळं मी आईला कागदावर लिहून दिलंय, मोठ्या अक्षरात, तारखांसह. तिने तो घडी घालून पोळपाटाखाली ठेवलाय.

१५ जून, रविवार, सकाळी साडेनऊ. मावशीला सांगणे. आई सांगेल. मी बोलायचं नाही.